पाणी कुठलं आहे?

आमची आई २००९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, पहिल्यांदा लोअर हटला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वयंपाकघरात पाहतो तो शेगडीवर मोठे पातेले ठेवलेले, त्यात पाणी खळखळा उकळते आहे आणि शेजारी पांढऱ्या पंचाची चौपदरी घडी तयार. मी हसलो. म्हटले, "आई, इथे नळाचे पाणी सरळ पितात. जमिनीखालून येते. क्लोरीनसुद्धा घालावे लागत नाही, इतके शुद्ध." आईने गॅस बारीक केला आणि विचारले, "पाणी कुठलं आहे, ते तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. मी अभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेला माणूस, पण ज्या नळाचे पाणी मी आणि माझी मुलगी रोज पीत होतो त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे मी कधी पाहिले नव्हते. "सरकार बघते," असे काहीतरी पुटपुटलो. आईने पाणी उकळणे थांबवले नाही. परत जाईपर्यंत सहा महिने ती उकळलेलेच पाणी प्यायली, आणि आम्ही तिच्या पाठीमागे गालातल्या गालात हसत राहिलो.

आईच्या या सवयीमागे कारण होते. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या गावात काविळीची साथ आली. गल्लीतल्या घराघरांत माणसे पिवळी पडली. मी तीन आठवडे अंथरुणात होतो. आठवते ते एवढेच की उसाचा रस आणि फुटाणे यांवर दिवस काढले, आणि शेजारच्या घरातली पहिलटकरीण मुलगी त्या साथीत गेली. गटाराचे पाणी पिण्याच्या नळात शिरले होते, हे मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर यायचे. त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी उकळल्याशिवाय माठात गेले नाही.

आज हा लेख लिहिण्याचे कारण असे की आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे सात वर्षांनी, २०१६ साली, शोधावे लागले. ते शोधताना पाणी शुद्ध करण्याचा जो इतिहास हाती लागला, तो आपल्या मंडळातल्या सर्वांना सांगावासा वाटला. हा इतिहास आपल्या आजीच्या पंचापासून सुरू होतो आणि नेपियरजवळच्या एका मेंढ्यांच्या कुरणापर्यंत येऊन पोचतो.

वस्त्रगाळ, निवळी आणि तुरटी

पाणी गाळून प्यावे हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून टाकायचे, तुरटी फिरवायची, हंडा रात्रभर स्थिर ठेवायचा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घ्यायचे, हे खेड्यातल्या बाईला पाठ असे. यातले रसायनशास्त्र अगदी आजच्या जलशुद्धीकरण केंद्रातलेच आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी जातात. त्यांच्याबरोबर पुष्कळ जंतूही जातात.

पुण्याला पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजहून पाणी आणले, तेव्हाही गाळाचा विचार झाला होता. एकाखाली एक असे दोन तलाव बांधले. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्यात यायचे. तिथून भुयारी नळाने ते शहरातल्या हौदांत जायचे, आणि वाटेत हवा खेळती राहावी म्हणून व साफसफाईसाठी ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पुण्यात जुन्या पेठांत राहिलेल्या वाचकांनी त्यांपैकी काही पाहिलेही असतील.

पंचाची गोष्ट मात्र सर्वांत उद्बोधक आहे. नारू हा रोग आता विस्मरणात गेला, पण आपल्या आजोबांच्या पिढीने पायातून निघणारा तो हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढताना पाहिलेला आहे. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की फोडातून हजारो अळ्या पाण्यात सुटत. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जलजीव गिळी, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात पुढचा नारू जाई. सायक्लॉप्स साधारण मिलिमीटरभर असतो, म्हणजे कापडात सहज अडकतो. म्हणून नारूवरचा इलाज लस नव्हता, औषधही नव्हते. पाणी कापडातून गाळणे, विहिरीच्या पायऱ्या बंद करणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर तो गेला. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. पुढे बांगलादेशातही जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणे त्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात.

पण कापडाला मर्यादा आहे. सुटा जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा आणि विषाणू त्याहूनही कितीतरी लहान. तो पंचातून सरळ निघून जातो.

एका रस्त्याच्या दोन बाजू

१८९२ साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे मेली. हँबुर्गला लागूनच आल्टोना हे गाव. दोहोंच्या हद्दीवर असा रस्ता होता की एका बाजूची घरे हँबुर्गमध्ये आणि दुसऱ्या बाजूची आल्टोनामध्ये. हँबुर्गच्या बाजूला पटकी होती, आल्टोनाच्या बाजूला जवळजवळ नव्हती.

दोन्ही गावे एल्ब नदीचेच पाणी पीत. उलट आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गचे सगळे सांडपाणी पोटात घेतलेले पाणी त्याच्या वाट्याला येई. फरक एकच होता. आल्टोनाचे पाणी वाळूच्या थरांतून संथपणे गाळले जात होते, आणि हँबुर्गने त्या खर्चाचा निर्णय वर्षानुवर्षे लांबवला होता. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने, ज्याने आठच वर्षांपूर्वी कलकत्त्याला जाऊन पटकीच्या जंतूचा अभ्यास केला होता, हे सगळे तपासून जगापुढे मांडले. वाळूच्या वरच्या थरावर शेवाळासारखा एक सजीव पापुद्रा तयार होतो आणि तो जंतू अडवतो व खाऊन टाकतो. यंत्र नाही, वीज नाही, फक्त वाळू आणि सावकाशपणा.

आल्टोनाने आणखी एक धडा दिला. वरच्या अंगाला कोण काय सोडतो हे आपल्या हाती नसते. आपल्या हाती असते ती आपली भिंत.

त्यानंतर १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्याला नियमितपणे क्लोरीन द्यायला सुरुवात झाली. गाळणे आणि क्लोरीन या जोडीने विषमज्वर आणि पटकी श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झाले. क्लोरीनचा मोठा गुण असा की केंद्रातून पाणी बाहेर पडल्यावरही तो थोडा शिल्लक राहतो आणि कुठे नळ फुटून घाण आत आलीच तर वाटेतही पहारा करतो.

दिल्लीची कावीळ आणि नागपूरची संस्था

क्लोरीन घातला की झाले, हा समजही फार काळ टिकला नाही, आणि तो खोटा ठरवणारी मोठी घटना आपल्याच देशात घडली. १९५५ च्या पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. केंद्रातल्या लोकांना पाणी बिघडल्याचे कळले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. पटकी आणि विषमज्वराची साथ आली नाही, कारण जंतू मेले. पण विषाणू राहिला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर, हा हिपॅटायटिस ई असावा हे कळले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शेजारची ती मुलगी आठवली. त्या विषाणूला तेव्हा नाव नव्हते, एवढेच.

या साथीच्या पाठोपाठ १९५८ मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. तीच १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाते. पाण्यातला जादा फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढण्याची स्वस्त पद्धत नीरीने शोधली आणि ती 'नलगोंडा पद्धत' म्हणून जगभर गेली. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या, दात पिवळे आणि हाडे वाकडी करणाऱ्या पाण्यासाठीही ती उपयोगाची होती. म्हणजे पाण्याच्या शास्त्रात आपण मराठी मुलखातून आलेली माणसे अगदीच रिकाम्या हाताने आलेलो नाही.

हॅवलॉक नॉर्थ, ऑगस्ट २०१६

आता न्यूझीलंड. हॉक्स बेमधले हॅवलॉक नॉर्थ हे टे माटा डोंगराच्या पायथ्याचे, द्राक्षमळ्यांचे, सुखवस्तू गाव. वस्ती सुमारे चौदा हजार. गावाचे पाणी ब्रुकवेल रोडवरच्या बोअरमधून यायचे. ते भूगर्भातले, वरून चिकणमातीच्या थराने झाकलेले, म्हणून कागदोपत्री 'सुरक्षित' मानलेले. सुरक्षित म्हणून त्याला क्लोरीन नाही, गाळणी नाही, काही नाही. माझ्या घरचा हटचा नळ आणि तो नळ, दोन्ही एकाच विश्वासावर चालत होते.

५ आणि ६ ऑगस्टला तिथे मुसळधार पाऊस झाला. ब्रुकवेल रोडच्या एक नंबरच्या बोअरपासून साधारण ९० मीटरवर एक तळे आहे. शेजारच्या कुरणात मेंढ्या चरत होत्या. पावसाने त्यांची लेंडी तळ्यात वाहून गेली, तळ्याचे पाणी जमिनीत मुरून भूजलात शिरले, आणि उपसा चालू असलेल्या बोअरने ते स्वतःकडे ओढून घेतले. त्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू होता.

हा जंतू पोटात गेल्यावर साधारण दोन ते पाच दिवसांनी त्रास सुरू होतो. त्यामुळे आठवडा उलटेपर्यंत कुणाला काही कळले नाही. मग शाळांतून गैरहजेरी वाढली, रुग्णालयात माणसे येऊ लागली. ११ ऑगस्टला नेहमीप्रमाणे पाण्याचा नमुना घेतला होता. १२ तारखेला, शुक्रवारी, त्यात ई. कोलाय सापडल्याचे कळले. त्याच दिवशी पाण्यात क्लोरीन सोडला आणि संध्याकाळी पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. तोवर गाव आठवडाभर ते पाणी पीत होते.

सरकारी चौकशीने आजाऱ्यांचा अंदाज सुमारे ५,५०० असा दिला. नंतरच्या अभ्यासात तो आकडा सहा हजारांच्या पुढे गेला. ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि तीन-चार वृद्धांच्या मृत्यूला ही साथ कारणीभूत झाली असावी असे ठरले. चौदा हजारांच्या गावात घरटी एखादा तरी आजारी, असा हिशेब झाला.

त्या आठवड्याच्या शेवटी मी बातम्या पाहत बसलो होतो. पडद्यावर एक बाई मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होत्या. मी सांगलीला फोन लावला. आई "मी म्हणत होते ना" असे काही म्हणाली नाही. तिने फक्त विचारले, "तुमच्याकडचं पाणी बघितलंस का?"

चौकशीने काय सांगितले

निवृत्त न्यायाधीश लिन स्टीव्हन्स यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी नेमली. तिचा पहिला भाग मे २०१७ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०१७ मध्ये आला. मी दोन्ही वाचले. माझा व्यवसाय संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचा आहे, त्यामुळे मोठ्या प्रणाली कशा कोसळतात हे वाचायची मला सवय आहे. तरीही हे वाचताना झोप उडाली.

पहिली गोष्ट, हे पहिल्यांदा घडले नव्हते. १९९८ मध्येही हॅवलॉक नॉर्थमध्ये कॅम्पिलोबॅक्टरची साथ आली होती, तीही ब्रुकवेलच्याच बोअरशी जोडलेली. तो अहवाल फायलीत गेला, माणसे बदलली आणि धडा विसरला गेला. मधल्या वर्षांतही नमुन्यांत अधूनमधून ई. कोलाय सापडत होता. दर वेळी पुन्हा नमुना घ्यायचा, तो चांगला निघाला की हुश्श करायचे.

दुसरी गोष्ट, कुणी एकच खलनायक नव्हता. बोअर चालवणारी एक संस्था, भूजलावर लक्ष ठेवणारी दुसरी, आरोग्य तपासणारी तिसरी. प्रत्येकीच्या कामात ढिलाई होती आणि त्या एकमेकींशी पुरेशा बोलत नव्हत्या. प्रत्येकीला वाटे की दुसरी पाहते आहे. मी आईला म्हटले होते, "सरकार बघते." तिथे सरकारलाही वाटत होते की सरकार बघते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्याची तपासणी म्हणजे पाण्याची सुरक्षा नव्हे. जंतू वाढवून मोजायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे निकाल हाती येतो तेव्हा ते पाणी पिऊन झालेले असते. तपासणी ही साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे. पहारेकरी म्हणजे गाळणी, क्लोरीन, अतिनील किरणांचा दिवा, आणि तेही एकामागे एक, कारण एक झोपला तर दुसरा जागा हवा. अनेक अडथळे हवेत, हे चौकशीने मूळ तत्त्व म्हणून मांडले. दुसरे एक तत्त्व असे की बदल आधी येतो आणि दूषण मागून. पाऊस, पूर, भूकंप, नवी विहीर, काहीही बदलले की आधी सावध व्हा, नमुन्याची वाट पाहू नका.

हे शहाणपण नवे नव्हते. कॅनडात वॉकरटन या छोट्या गावी मे २००० मध्ये हुबेहूब असेच झाले होते. मोठा पाऊस, शेताशेजारची उथळ विहीर, जनावरांचे शेण, शिवाय क्लोरीनच्या नोंदी खोट्या. सात माणसे गेली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. त्याचा सविस्तर चौकशी अहवाल २००२ पासून सर्वांसाठी खुला होता. न्यूझीलंडला तो इंग्रजीतच वाचता आला असता, भाषांतराचीही गरज नव्हती.

माझ्या नळाचे दुसरे टोक

त्या ऑगस्टमध्ये मी अखेर आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधले. लोअर हटचे पाणी बहुतांशी वायव्हेटू भूजलातून येते. टाइटा खिंडीच्या खाली हट नदीचे पाणी वाळू-गोट्यांत मुरते आणि चिकणमातीच्या थराखालून सावकाश समुद्राकडे सरकते. वॉटरलूच्या बोअर ते वर खेचतात. म्हणजे मी ज्याला 'जमिनीखालचे' म्हणत होतो ते पाणी मूळचे नदीचेच होते. वाळूच्या गाळणीतून आलेले, आल्टोनासारखेच, पण ती गाळणी निसर्गाने बांधलेली आणि डोळ्यांना न दिसणारी.

नोव्हेंबर २०१६ मध्ये कायकौराचा भूकंप झाला. त्यानंतर डिसेंबरपासून वायव्हेटूच्या पाण्यात ई. कोलाय आढळू लागला, आणि २०१७ च्या सुरुवातीस आमच्या नळाला क्लोरीन आला. पिटोनीच्या बुइक स्ट्रीटवर ज्या झऱ्याच्या नळावर माणसे कॅन भरायला रांग लावतात, तिथेही अतिनील किरणांची सोय करावी लागली. क्राइस्टचर्चमध्ये २०१८ मध्ये क्लोरीन सुरू झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला हे तिथल्या आपल्या मित्रांना आठवत असेल. आमच्या पाण्याची चव गेली, आमचा अभिमान गेला, असे लोक म्हणत. मला ते समजते. गोड पाणी हा गावाचा अभिमान असतो, आपल्याकडेही असतो. पण हँबुर्गलाही आपल्या शहराचा अभिमान होता.

२०२१ मध्ये नवा जलसेवा कायदा झाला आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला 'टाउमाटा अरोवाई' ही पाण्यावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था आरोग्य मंत्रालयाकडून सूत्रे घेऊन कामाला लागली. भूजलाला आपोआप 'सुरक्षित' म्हणण्याची पद्धत बंद झाली. तरी काम संपलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये क्वीन्सटाउनमध्ये क्रिप्टोस्पोरिडियमची साथ आली. हा जीव क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीत त्याने चार लाख माणसे आजारी पाडली होती. क्वीन्सटाउनच्या एका केंद्रावर त्याला अडवणारा अडथळाच नव्हता. अतिनील किरणांचे यंत्र बसेपर्यंत, डिसेंबरपर्यंत, गाव पाणी उकळत होते.

आणि एक गोष्ट आईलाही सांगावी लागली. उकळणे हा सगळ्यावर उपाय नव्हे. वायकाटो नदीत भूगर्भातल्या उष्ण झऱ्यांमुळे आणि वैराकेईच्या भूऔष्णिक केंद्रामुळे आर्सेनिक येते. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमची, आणि नदीत ते त्याहून जास्त असते. हॅमिल्टन आणि ऑकलंडला ते पाणी पिण्याजोगे होते ते तुरटीच्या जातीच्या रसायनाने आर्सेनिक गाळात बसवल्यामुळे. कँटरबरीत गायींच्या मुतातून आणि खतांतून नायट्रेट भूजलात उतरते. असे पाणी उकळले तर पाण्याची वाफ होते आणि विष तेवढेच राहते, म्हणजे ते थोडे दाटच होते. ग्रामीण भागात स्वतःच्या बोअरवर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी, विशेषतः घरात बाटलीचे दूध पिणारे तान्हे मूल असेल तर, हे नीट ध्यानात ठेवावे आणि वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे.

तोच जंतू, सिंहगड रस्त्यावर

हा लेख इथे संपला असता. पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्याहून बातम्या येऊ लागल्या. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांचे हातपाय अचानक लुळे पडत होते. आजाराचे नाव गियाँ-बारे. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, पुष्कळांना श्वासासाठी यंत्रावर ठेवावे लागले, काही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा काहींत एक ओळखीचा जंतू सापडला. कॅम्पिलोबॅक्टर.

त्याचे कारण असे. या जंतूच्या कवचावरची शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी दिसते. शरीर जंतूशी लढायला प्रतिपिंडे तयार करते आणि क्वचित ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. हॅवलॉक नॉर्थच्या साथीनंतरही या आजाराचे मोजके रुग्ण नोंदले गेले होते. पुण्यात संशयाची सुई पाण्याकडे वळली. त्या भागातल्या बऱ्याच वस्तीला खडकवासल्याजवळच्या एका मोठ्या विहिरीतून पाणी मिळत होते, आणि क्लोरीन देण्यापलीकडे त्या पाण्यावर गाळण्याची प्रक्रिया नव्हती, असे तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. गावे शहरात आली, इमारती उभ्या राहिल्या, पण शुद्धीकरण केंद्र मागेच राहिले. बदल आधी आला आणि दूषण मागून.

आमच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील, सासूसासरे त्याच रस्त्यावर राहतात. त्या आठवड्यात आमच्या मंडळातल्या घरोघरी एकच फोन चालू होता, पाणी उकळून प्या. नऊ वर्षांपूर्वी हाच फोन उलट्या दिशेने झाला होता.

आपण इथे आलो तेव्हा एक समजूत बरोबर घेऊन आलो, की पाणी तिकडे वाईट आणि इकडे चांगले. ती खरी नाही. पाणी देशाप्रमाणे चांगले-वाईट नसते. जिथे कुणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवते, खर्च करते आणि पाऊस पडला की झोपेतून उठून पाहायला जाते, तिथे ते चांगले असते. मुंबईला वैतरणेचे पाणी आणणारे नगर अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव त्या जलाशयाला दिले गेले, ते योग्यच झाले. पण बहुतेक ठिकाणी हे काम करणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नसते, आणि काम नीट चालले तर काहीच घडत नाही. काहीच न घडणे हेच त्याचे यश.

दरवर्षी घरपट्टी वाढली की आपण कुरकुर करतो, मीही करतो. आता निदान पाण्याच्या रकमेपुढे ती थांबते. नगरपरिषदेच्या बैठकीला लोकांनी यावे असे आवाहन असते. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा गेलो. खोलीत बारा माणसे होती आणि चर्चा वाहनतळावर चालली होती. मी उठून विचारले की बोअरच्या आसपास कुरणे किती आणि मोठ्या पावसानंतर पहिल्या दिवशी काय केले जाते. अधिकारी बाईंनी वही उघडून शांतपणे सगळे सांगितले. त्यांना ठाऊक होते. त्या रात्री मला बरे वाटले.

आई गेल्या हिवाळ्यात पुन्हा आली. वय झाले आहे. सकाळी तिने नळाखाली पेला धरला, उजेडात पाहिला आणि मला विचारले, "पाणी कुठलं आहे?"

मी सांगितले. नदी, खिंड, गोटे, चिकणमातीचा थर, वॉटरलूची बोअर, अतिनील दिवा, क्लोरीन. तिने सगळे ऐकून घेतले, पेलाभर पाणी प्याली, आणि मग शेगडीवर पातेले ठेवले.

"हे कशाला आता?" मी विचारले.

"चहाला," ती म्हणाली.